समाजमंदिराची किल्ली कुणाकडे?

तुमच्या घराच्या आसपास, चालत जाण्याच्या अंतरावर, सरकारी पैशातून बांधलेलं एखादं सभागृह बहुधा असेलच. गावात त्याला समाजमंदिर म्हणतात, तालुक्याच्या ठिकाणी सांस्कृतिक भवन, शहरात बहुउद्देशीय हॉल. कुठे ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र असतं, कुठे अभ्यासिका, जुन्या गिरणगावात कामगार कल्याण केंद्र. पाटी कुठलीही असो, माझी विनंती एकच आहे. येत्या पंधरा दिवसांत एकदा तिथे जाऊन या. लग्नाला, बारशाला किंवा मतदानाला नव्हे, नुसतं बघायला. आणि जायचं ते कामाच्या दिवशी, दुपारी चार-पाचच्या सुमारास.

आपल्याकडे सार्वजनिक इमारतीचा दर्जा उद्घाटनाच्या दिवशी ठरतो. त्या दिवशी रंग ताजा असतो, पंखे फिरत असतात, नळाला पाणी असतं आणि मुख्य म्हणजे दार उघडं असतं. वर्षभराने यातलं काय टिकलं, हे बघायला कुणी जात नाही. ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं, फीत कापणाऱ्यांचे फोटो छापून आलेले असतात. आपण रोज त्या इमारतीवरून जातो आणि ती बंद दिसण्याची सवय होऊन जाते. म्हणून ही पाहणी आपणच करायची. त्याला इंजिनिअर लागत नाही. एक मोजपट्टी, एक वही, फोटो काढायला फोन आणि सोबत दोन-तीन शेजारी एवढं पुरतं.

आधी मालकीचं बघू. या इमारतींना पैसा अनेक वाटांनी येतो. महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक असतं, समाजकल्याण खात्याच्या वस्ती सुधार योजना असतात, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी असतो. खासदाराला या निधीतून वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात आणि सभागृह हे त्यातलं आवडतं काम, कारण ते लवकर उभं राहतं आणि ठळक दिसतं. दारावरच्या संगमरवरी फलकावर ज्यांचं नाव असतं त्यांनी काम सुचवलेलं असतं. पैसा करदात्यांचा, म्हणजे बाजारात काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा. फलक वाचताना नावाच्या खाली बारीक अक्षरांत निधीचं नाव आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते टिपून घ्या. पुढे अर्ज करताना उपयोगी पडतं.

फलकावरून मालक कळतो, पण चालवतो कोण हे कळत नाही. मालकी पालिकेची आणि ताबा एखाद्या मंडळाचा, संस्थेचा किंवा ठेकेदाराचा, अशी विभागणी सर्रास असते. तशी ती असण्यात गैर काही नाही. चांगलं मंडळ असेल तर पालिकेपेक्षा बरं चालवतं. मात्र मग करार हवा, त्याला मुदत हवी, आणि लोकांकडून किती पैसे घ्यायचे हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत संपून वर्षं लोटली तरी ताबा तसाच, हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही. म्हणून वहीतले पहिले दोन प्रश्न: मालक कोण आणि चालवतो कोण?

तिसरा प्रश्न या सगळ्याचा कणा आहे. किल्ली कुणाकडे असते? याचं उत्तर दारावर लिहिलेलं असेल, म्हणजे नाव, फोन नंबर आणि उघडण्याच्या वेळा, तर ते केंद्र निम्मं पास झालं असं समजा. बहुतेक ठिकाणी उत्तर तोंडी मिळतं. 'भाऊंकडे असते', 'शेजारच्या किराणा दुकानात ठेवलेली असते', 'साहेबांच्या ऑफिसातून आणावी लागते'. ज्याची भाऊंशी ओळख आहे त्याच्यासाठी हॉल सार्वजनिक. ज्याची नाही त्याच्यासाठी तो भाऊंचा. वस्तीत नवीन राहायला आलेली भाडेकरू बाई भाऊंच्या घरी जाऊन किल्ली मागेल का? अभ्यासाला शांत जागा शोधणारा बारावीचा मुलगा मागेल का? ते मागणार नाहीत, हे भाऊंनाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही.

वेळेचंही तसंच. केंद्र आठवड्यातून किती तास खरोखर उघडं असतं, ते मोजा. विचारून नव्हे, बघून. सकाळी फिरायला जाताना, दुपारी मुलांना शाळेतून आणताना, रात्री जेवणानंतर असं आठवडाभर येता-जाता बघायचं आणि उघडं-बंद एवढंच लिहायचं. तीन-चार घरांनी वाटून घेतलं तर कुणालाच भार होत नाही. आठवड्याचे एकूण तास १६८. एखादं केंद्र त्यातले सहाच तास उघडं राहत असेल, तर आतली फरशी इटालियन असली तरी गावाला तिचा उपयोग काय?

इथे थोडं मागे जायला हवं. सरकारी पैशातून बांधलेली जागा सर्वांना खुली असावी, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालयं आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर कुणाला पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसं त्या तळ्यावर चालत गेली, ती कागदावरचा हक्क प्रत्यक्षात बजावायला. पुढे राज्यघटनेच्या १५व्या कलमात हे तत्त्व आलं: सरकारी पैशावर पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेपोटी अशी अडवणूक करणं हा गुन्हा ठरवला.

हे आज सांगायचं कारण असं की अडवणूक आता दारावर उभी राहून होत नाही. गावठाणातलं सभागृह एका आळीचं आणि वस्तीतलं समाजमंदिर दुसऱ्या आळीचं, अशी वाटणी कुठेही न लिहिता चालू असते. कुणी 'येऊ नका' म्हणत नाही. नुसती तारीख मिळत नाही. 'त्या दिवशी दुसरं बुकिंग आहे' एवढ्या एका वाक्यात काम होतं. तेव्हा पाहणीत हा प्रश्न संकोच न करता लिहा: गेल्या वर्षभरात इथे कुठल्या आळीचे, कुठल्या समाजाचे कार्यक्रम झाले? आणि कुणाचा एकही झाला नाही?

त्याचं उत्तर आरक्षणाच्या नोंदवहीत असतं. ही वही मागून बघा. मी पाहिलेल्या अशाच एका सभागृहाच्या वहीचं पान सांगतो. रकाने पाच: तारीख, नाव, कारण, रक्कम, पावती क्रमांक. पहिले दोन रकाने भरगच्च. 'कारण' या रकान्यात लग्न, साखरपुडा, मग पुन्हा लग्न. महिन्यातल्या सगळ्या शनिवार-रविवारपुढे पेन्सिलीने 'राखीव' लिहिलेलं, कुणासाठी ते नाही. रकमेच्या रकान्यात कुठे आकडा, कुठे 'सौजन्य'. पावतीचा रकाना जवळजवळ कोरा. त्या एका पानावरून मला जे कळलं ते इमारतीभोवती चार चकरा मारूनही कळलं नसतं. पावती नाही म्हणजे पैसे कुठे गेले ते कळत नाही, आणि पेन्सिलीने राखलेले दिवस कुणासाठी खोडले जातात तेही कळत नाही.

तेव्हा दरपत्रक भिंतीवर लावलेलं आहे का, ते बघा. भाडं किती, अनामत रक्कम किती, ती किती दिवसांत परत मिळते, वीज आणि सफाईचे पैसे वेगळे आहेत का, बचत गटाला किंवा शाळेला सवलत आहे का. मग फोन करून दर विचारा. शेजारच्या एखाद्या बाईंना वेगळ्या नंबरावरून विचारू द्या. भिंतीवरचा दर, फोनवरचा दर आणि बाईंना सांगितलेला दर एकच निघाला तर चांगलंच आहे. वेगळे निघाले तर तिन्ही लिहून ठेवा.

भाडं घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. वीज, पाणी, सफाई, राखणदाराचा पगार हे फुकट होत नाही, आणि ज्या हॉलला उत्पन्न नाही त्याची डागडुजी कायम पुढच्या वर्षावर जाते. लग्नाला पूर्ण दर घ्या. ज्यांना मंगल कार्यालय परवडत नाही त्यांनाही तो परवडेल एवढा ठेवा. त्या पैशातून आठवड्याच्या इतर दिवशी अभ्यासिका, महिला मंडळाची बैठक, मुलांचा कॅरम, ज्येष्ठांचं वाचन हे नाममात्र पैशात किंवा फुकट चालू द्या. ही सांगड घातली की लग्नं आणि अभ्यासिका यांचं भांडण बरंचसं मिटतं. वर्षातून काही मुहूर्त लग्नांचे, बाकीचे दिवस वस्तीचे.

आता इमारतीत शिरू. किंवा शिरता येतं का, ते बघू.

बहुतेक हॉलला जोतं असतं आणि जोत्याला पायऱ्या. समजा तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. म्हणजे दीड फूट चढ. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रॅम्पचा उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. मी मोजलेला एक रॅम्प पाच फुटांचा होता. तो पायऱ्यांच्या कडेला घसरगुंडीसारखा टेकवलेला होता. त्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट, दोन्ही बाजूंना कठडा नाही, तळाशी गटाराची जाळी आणि जाळीवर उभ्या केलेल्या दोन मोटारसायकली. अशा रॅम्पवरून व्हीलचेअर स्वतः चालवत कुणीही वर जाऊ शकत नाही. दोघांनी ढकलली तरी खुर्ची मागे कलंडायची भीती, आणि पावसाळ्यात उतरताना ढकलणाराही घसरणार. तरी कागदोपत्री 'रॅम्पची सोय आहे' असाच शेरा पडतो, आणि बिलही निघालेलं असतं.

म्हणून 'रॅम्प आहे का' एवढंच विचारून थांबू नका. मोजपट्टी काढा. पायऱ्यांची एकूण उंची मोजा, रॅम्पची लांबी मोजा, लांबीला उंचीने भागा. बारा किंवा त्याहून जास्त आलं तर ठीक. चार-पाच आलं तर तो रॅम्प मालाच्या हातगाडीलाही धोक्याचा. रुंदी साधारण चार फूट हवी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा, वर दारापाशी खुर्ची वळवण्याइतकी, म्हणजे सुमारे पाच फूट, सपाट जागा हवी. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. दाराला दोन झडपा असतील आणि एक कायम कडी लावून बंद असेल, तर उघड्या झडपेचीच रुंदी मोजा. उंबरा असेल तर त्याची उंचीही लिहा.

आत गेल्यावर पहिल्यांदा स्वच्छतागृह बघा. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार उघडून बघितल्याशिवाय 'आहे' असं लिहू नका. आत मंडपाचे बांबू, जुन्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचा सांगाडा किंवा फिनेलचे कॅन सापडण्याची शक्यता बरीच. कुलूप असेल तर किल्ली मागा आणि ती यायला किती वेळ लागला ते लिहा. ज्याला घाईची लागली आहे त्याला तेवढाच वेळ थांबावं लागणार आहे. महिलांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का, कचऱ्याचा डबा आहे का. या चार गोष्टींवरून त्या हॉलमध्ये संध्याकाळी बायका येतील की नाही, हे निम्मं ठरतं. उरलेलं निम्मं ठरतं बाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्यावर आणि दारात घोळका करून बसणाऱ्या पोरांवर. ही पाहणी एखाद्या मुलीला किंवा बाईलाच करायला सांगा. पुरुषाच्या डोळ्याला तो घोळका दिसतही नाही.

तसंच, तुमच्या ओळखीत व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणारं, कमी दिसणारं किंवा कमी ऐकू येणारं कुणी असेल तर त्यांना बरोबर घ्या, आणि वही त्यांच्या हाती द्या. कुठे पाय अडखळतो, कुठल्या पायरीची कडा दिसत नाही, ध्वनिक्षेपकाचा आवाज कसा घुमतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. गुडघे दुखणारे आजी-आजोबा तर घरोघरी आहेत. पहिल्या मजल्यावर काढलेल्या विरंगुळा केंद्राबद्दल त्यांना एकदा बोलू द्या.

ही सोय करून देणं ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम करायच्या, असं त्यात लिहिलं आहे. नियम २०१७ साली आले, म्हणजे मुदत २०२२ साली संपली. काही ठिकाणी मुदतवाढ देण्याची सोय कायद्यात आहे; तुमच्या इमारतीला ती मिळाली आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नवीन इमारतीला तर सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाच देता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयीचे नियम नुसते सल्ल्यासारखे आहेत, ते बंधनकारक हवेत, असं केंद्र सरकारला बजावलं. शिवाय आपल्या राज्यात ग्रामपंचायती आणि पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. 'निधी नाही' असं उत्तर आलं की या ५ टक्क्यांचा यंदाचा हिशेब मागा, आणि रॅम्पचं काम त्यात बसतं का ते विचारा.

बाकीच्या गोष्टी भराभर बघून होतील. पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, तारीख लिहिलेली आहे का. छत गळतं का; पावसाळ्यात गेलात तर विचारावंही लागणार नाही. वायरी उघड्या आहेत का. बाहेर पडायला किती दारं आहेत, ती बाहेरच्या बाजूला उघडतात का, आणि त्यातल्या एखाद्या दारापुढे स्टेजचं सामान रचलेलं आहे का. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो, असा राज्याचा २००६ सालचा कायदा आहे. तुमच्या हॉलचा शेवटचा दाखला कधीचा आहे, हे विचारा. तीनशे माणसं जेवायला बसतात तिथे हा प्रश्न फाजील ठरत नाही.

आणि शेवटी, तिथे चालतं काय? १९५३ च्या कायद्याने आपल्याकडे कामगार कल्याण मंडळ आलं. त्याच्या केंद्रांतून शिवणवर्ग चालले, वाचनालयं चालली, नाट्यस्पर्धा रंगल्या. गिरणीतून सुटलेला माणूस तालमीला जाऊन बसायचा तो अशाच जागेत. हॉल चांगला की वाईट, हे ठरवताना आत काय होतं ते भिंतींपेक्षा महत्त्वाचं. आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं आहे का? नसेल तर शिपायाला विचारून तुम्हीच लिहून काढा. सोमवारी काय, मंगळवारी काय. रकाने रिकामे राहिले तर रिकामे ठेवा.

शिपायाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पाहणीला गेल्यावर पहिल्यांदा भेटतो तो तोच, आणि आपला राग निघतो तोही त्याच्यावर. तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो. झाडू त्याच्याकडे, मोटर चालू करणं त्याच्याकडे, रात्रीची राखणही त्याच्याकडे. त्याला नाव विचारा, पण अर्जात लिहू नका. त्याला बसायला खुर्ची आहे का, फिनेल वेळेवर मिळतं का, बल्ब गेला तर कुणाला कळवतो, हे विचारा. अर्ध्या तक्रारींचं मूळ त्याच्या उत्तरांत सापडेल.

एवढं झालं की हाताशी चार पानं जमतात. ती एका पानावर आणा. डावीकडे काय पाहिलं, उजवीकडे काय हवं. 'दुरवस्था', 'अक्षम्य दुर्लक्ष' असे शब्द नकोत. आकडे आणि तारखा लिहा. 'रॅम्प दीड फूट उंचीला पाच फूट, हवा अठरा फूट' या वाक्यावर वाद घालता येत नाही. 'दिव्यांगांची घोर उपेक्षा' यावर दोन तास घालता येतो.

हा कागद कुठे न्यायचा? गावात ग्रामपंचायतीत. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. विषय आधी लेखी दिला तर तो विषयपत्रिकेवर घेण्याचा आग्रह धरता येतो. आयत्या वेळी उभं राहून बोललात तर 'पुढच्या वेळी बघू' ठरलेलंच. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. स्वच्छतागृहाचा आणि दिव्याचा विषय तिथूनच ठराव करून पुढे आणावा, मग तो टाळणं जड जातं. शहरात वॉर्ड ऑफिस किंवा क्षेत्रीय कार्यालय, सोबत नगरसेवकाला एक प्रत. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

माहिती मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेवढंही शुल्क नाही. अर्ज छोटा आणि एकाच विषयाचा ठेवा. चार गोष्टी मागा: चालवणाऱ्या संस्थेशी झालेल्या कराराची प्रत, मंजूर दरपत्रक, गेल्या वर्षभरातल्या आरक्षणांच्या तारखा-कारणं-रकमा, आणि देखभालीवर झालेला खर्च. लग्न कुणाच्या घरचं होतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. नावं मागितली की खाजगी माहितीचं कारण देऊन सगळाच अर्ज लटकतो. कागदांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्यात शौर्य काही नाही, अर्जाच्या नमुन्यासारखाच एक नमुना भरायचा असतो. रॅम्प आणि स्वच्छतागृहाबाबत कुणीच दाद देत नसेल तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

मागणी मात्र पहिल्या फेरीत एकच ठेवा, छोटी आणि स्वस्त. माझं मत विचाराल तर दारावर एक पाटी मागा: उघडण्याच्या वेळा, दर, किल्ली ज्याच्याकडे आहे त्या जबाबदार माणसाचं पद आणि फोन नंबर, आणि तक्रार कुठे करायची ते. तिला निविदा लागत नाही, तांत्रिक मंजुरी लागत नाही, 'निधी नाही' हे कारण चालत नाही. आणि ती लागली की भाऊंच्या घरी जायची गरज संपते. पाटी टाळली गेली तर तेही एक उत्तर आहे. कुणाला ती नको आहे हे त्यावरून कळेल. रॅम्प, छप्पर, स्वच्छतागृह या मोठ्या मागण्या त्यानंतर, एकेक करून, खर्चाचा अंदाज मागत मागत.

यावर तीन आक्षेप हमखास येतील. पहिला, 'आपल्याला काय करायचंय, आपल्याकडे मंगल कार्यालयाला पैसे आहेत'. असतील, पण तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला वाचायला बसायला जागा आहे का? दुसरा, 'सगळ्यांना खुलं केलं की लोक घाण करतात, खुर्च्या मोडतात'. मोडतात, खरं आहे. त्यावर उपाय अनामत रकमेचा आणि वापरणाऱ्यांच्या समितीचा आहे. कुलूप लावून ठेवलेल्या हॉलमध्येही खुर्च्या गंजतातच, फक्त त्यावर कुणी बसलेलं नसतं. तिसरा, 'यात राजकारण आहे'. असू द्या. म्हणूनच पाहणीला वेगवेगळ्या पक्षांची, वेगवेगळ्या आळ्यांची माणसं घ्या आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका गटाने केलेली पाहणी दुसऱ्या गटावरचा हल्ला ठरते. सगळ्यांनी मिळून केली की ती गावाची होते.

जिथे चांगलं चाललं आहे तेही लिहा. सकाळी साडेसहाला अभ्यासिका उघडणारा राखणदार, स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्र आणणारे आजोबा, पावतीशिवाय रुपया न घेणारी संस्था, अशी माणसं आहेत. त्यांच्या नावाने चार ओळींचं पत्र वॉर्ड ऑफिसात द्या. तक्रारींच्या ढिगाऱ्यात अशी पत्रं फार थोडी येतात आणि पुढच्या वर्षी त्यांचा करार वाढवताना ती कामाला येतात.

आता तारीख ठरवा. गावात असाल तर पुढच्या ग्रामसभेच्या तीन आठवडे आधीची, शहरात असाल तर येत्या पंधरवड्यातली. तिघांना आजच फोन करा. त्यांत एक बाई असू द्या आणि एक पायऱ्या चढायला त्रास होणारं माणूस. मोजपट्टी घरात नसेल तर शिंप्याकडून मागून घ्या. पाहिलेलं सगळं एका पानावर उतरवा, सह्या करा, शिक्का घ्या. आणि त्या पानावर उजवीकडे एक रकाना मोकळा सोडा, कारण तीन महिन्यांनी तेच प्रश्न घेऊन तिथे पुन्हा जायचं आहे आणि काय बदललं ते त्यात लिहायचं आहे.